पानकापी मुंग्यांची कोवळी वसाहत: आधी बुरशी सांभाळा

प्रश्न असा आहे: अट्टा सेफालोटीस जातीची साधारण 4 महिन्यांची वसाहत. एक राणी, 70-80 कामकरी मुंग्या आणि 4 सेंटीमीटरच्या आसपासचा बुरशीचा गोळा, म्हणजे मुंग्या स्वतः वाढवून खातात ती बुरशी. 2 लिटरचा पारदर्शक डबा, त्याच्याखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). आठवडाभरापासून झाकणाला आतून थेंब धरतात, बुरशीचा वरचा भाग अजून पांढरट-राखाडी आहे आणि त्यावर मुंग्या फिरतात, पण खालचा भाग पिवळट-तपकिरी पडला आहे आणि मुंग्यांनी कापून आणलेले पानांचे तुकडे कोपऱ्यात तसेच साचले आहेत. वसाहत वाचेल का, आणि नेमके काय बदलायचे?

वाचण्याची शक्यता चांगली आहे. बुरशीचा वरचा भाग अजून पांढरट-राखाडी आहे आणि त्यावर मुंग्या फिरताहेत, असे तुम्हीच लिहिले आहे, तेच महत्त्वाचे. आज तीनच गोष्टी करा. हीट मॅट डब्याखालून काढा. साचलेली पाने लांब चिमट्याने उचलून टाका. आणि पुढचे दोन दिवस डब्यात पाण्याचा थेंबही घालू नका. बाकीचे सगळे सावकाश करायचे आहे. काळजीपोटी बुरशी उचलून दुसरीकडे ठेवायला जाल, तर आज जो भाग चांगला आहे तोही मोडेल.

कोवळ्या वसाहती उपासमारीने क्वचितच मरतात. जास्त पाणी, जास्त पाने, जास्त मोठा डबा आणि सारखे झाकण उघडणे या चार गोष्टींनी मरतात. यांतल्या पहिल्या तीन तुमच्याकडे सध्या दिसतातच. यांतल्या प्रत्येकीने आधी बुरशीला इजा होते, मुंग्या त्यानंतर मरतात. म्हणून निरीक्षण करायचे ते मुंग्यांच्या धावपळीचे नव्हे, बुरशीचे.

बुरशी कशी वाढते हे आधी समजून घ्या

या मुंग्या पाने खात नाहीत. पानाचे तुकडे त्या आणखी बारीक करतात, चावून लगदा करतात, त्यावर विष्ठेचा थेंब सोडतात आणि जुन्या बुरशीचे बारीक पुंजके काढून त्यावर लावतात. विष्ठेत बुरशीचीच विकरे असतात आणि त्यांनी पानांचे विघटन सुरू होते. ल्युकोअगॅरिकस गाँगिलोफोरस ही ती बुरशी. तिच्या तंतूंच्या टोकांना फुगीर गाठी येतात. अळ्यांचे सगळे पोषण त्यांवर होते. प्रौढ मुंग्या बुरशी खातात, पण त्यांना लागणारी बरीचशी ऊर्जा पाने कापताना मिळणाऱ्या रसातून येते. म्हणून किडे, अंडे, मांस असले काहीही देण्याची गरज नाही. मधपाणीही लागत नाही. द्यायचेच असेल तर एक भाग मध आणि चार भाग पाणी, एकच थेंब, बाहेरच्या ट्रेमध्ये (डब्याला नळीने जोडलेली, पाने ठेवायची जागा). आणि उरलेले त्याच दिवशी पुसून टाका.

अट्टाची नवी राणी जन्मघरट्यातून निघताना बुरशीचा कण तोंडातल्या छोट्या खिशात घेऊन निघते. पहिली पिढी बाहेर यायला सुमारे 40 ते 60 दिवस लागतात. तेवढा काळ ती बाहेरचे काही खात नाही, स्वतःच्या विष्ठेवर बुरशी जगवते आणि घातलेली बहुतेक अंडी स्वतःच खाते. अंगातली चरबी आणि उडण्याचे स्नायू यात खर्च होतात. म्हणजे पहिले कामकरी येतात तेव्हा राणीजवळ शिल्लक अशी काही राहिलेली नसते. मोठ्या वसाहतीत बुरशीची एक पेटी गेली तरी दुसऱ्या पेट्या असतात. इथे एकच गोळा आहे.

अ‍ॅक्रोमायरमेक्स पाळणाऱ्यांसाठी (हा पानकापी मुंग्यांचाच दुसरा गट) एक फरक. त्यांची राणी पहिल्या टप्प्यातही पाने शोधायला बाहेर पडते, त्यामुळे एकट्या राणीलाही सुरुवातीपासून कोवळी पाने आणि पाकळ्या लागतात. त्यांच्या कामकऱ्यांच्या अंगावर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. ते स्यूडोनोकार्डिया गटातले जिवाणू असतात आणि बुरशीवरच्या परजीवीला आवर घालणारी रसायने तयार करतात. अट्टाच्या अंगावर हा थर नसतो.

आता रंग. निरोगी बुरशी स्पंजासारखी, पोकळ्यापोकळ्यांची आणि राखाडी-पांढरी असते. वरच्या कडेला नुकतीच लावलेली पाने गडद हिरवी किंवा काळपट दिसतात, मधला भाग सर्वांत पांढरा आणि दाट, आणि तळाचा भाग पिवळसर. तळाचा पिवळा, कोरडा, भुसभुशीत भाग म्हणजे वापरून संपलेली बुरशी. मुंग्या ती कणाकणाने काढून कचऱ्यात टाकतात. ते रोजचे काम आहे, त्यात बिघाड काही नाही. बिघाड कधी? तळ ओला, तपकिरी, एकजीव चिकट झाला, पोकळ्या बुजल्या, आंबूस वास आला आणि मुंग्यांनी तिथे जाणे सोडले, तर. तुमच्या वर्णनात पिवळटपणा आणि थेंब दोन्ही आहेत, म्हणून हे पाणी जास्त झाल्याचे लक्षण धरतो. याच्या उलट बुरशी आक्रसली, कडा ठिसूळ झाल्या, हात न लावता कण गळू लागले आणि मुंग्या ती ओलाव्याच्या बाजूला सरकवू लागल्या, तर हवा कोरडी आहे.

रंगाइतकीच दुसरी खूण म्हणजे मुंग्यांची दाटी. कोवळ्या वसाहतीत बारीक कामकऱ्यांनी बुरशीचा पृष्ठभाग सतत चाटत, तपासत राहायला हवे. बुरशीचा मोठा भाग तासन्‌तास मोकळा दिसला, तर तिथे दोन-तीन दिवसांत परकी बुरशी येऊ शकते. बुरशी मोठी पण मुंग्या थोड्या, हेही धोक्याचेच.

थेंब कुठून येतात

हीट मॅट खाली असली की तळ गरम होतो, तळातले पाणी वाफ होऊन वर जाते आणि तुलनेने थंड झाकणाला लागून थेंब होते. ते थेंब बुरशीवर पडतात. त्याच वेळी बुरशीचा तळ गरम आणि चिकट होतो. पाणी कमी केले तरी मॅट खाली असेपर्यंत हे थांबत नाही.

मॅट डब्याच्या एका बाजूला, भिंतीपासून 2-3 सेंटीमीटर अंतरावर उभी ठेवा. थर्मोस्टॅट हवाच. त्याचा सेन्सर बुरशीच्या उंचीला डब्याच्या बाहेरच्या भिंतीवर चिकटवा आणि 25 अंशांवर लावा. 24 ते 27 अंश सेल्सिअसमध्ये बुरशी उत्तम वाढते. 20 च्या खाली वाढ फार मंदावते. 30 च्या वर ती मरू लागते, आणि हा वरचा धोका खालच्यापेक्षा कितीतरी मोठा. थंडीत दोन दिवस गेले तर वसाहत फक्त मंद होते, उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात मात्र थोड्याच वेळात सगळे संपते. खोलीचे तापमान मुळातच 23 ते 28 असेल तर मॅट काढूनच टाका. उन्हाळ्यात पारा 30 च्या वर जात असेल तर डबा थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात ठेवा आणि खोक्याच्या दुसऱ्या टोकाला कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा. बाटली डब्याला टेकू देऊ नका.

झाकणावर कापडाची घडी किंवा फोमचा तुकडा ठेवला की झाकण थंड पडत नाही आणि थेंब धरणे बरेच कमी होते. झाकण थोडे कलते बसवता आले तर आणखी चांगले, थेंब एका बाजूने ओघळून जातात.

बुरशीभोवतीची हवा जवळजवळ संपृक्त, म्हणजे 90 टक्क्यांच्या वर हवी. पण त्या टप्प्यात स्वस्त हायग्रोमीटरचा (आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा भरवशाचा नसतो, त्यावर निर्णय घेऊ नका. भिंत बघा. एका भिंतीवर अधूनमधून पुसट वाफ दिसते आणि निघून जाते: बरोबर. सगळ्या भिंती सतत ओल्या आणि झाकणाला थेंब: जास्त. चोवीस तासांत कुठेच वाफ दिसली नाही: कमी.

पाणी घालायचे ते बुरशीपासून लांबच्या कोपऱ्यात, ड्रॉपरने, तळातल्या प्लास्टरमध्ये किंवा मातीच्या गोळ्यांमध्ये. अर्ध्या लिटरच्या डब्याला एका वेळी 2 ते 5 मिलीलिटर पुरते, आणि पुन्हा कधी घालायचे ते भिंत सांगते. वार ठरवून पाणी घालू नका. उकळून गार केलेले किंवा आरओचे पाणी चालते. स्प्रे बाटली मात्र या कामासाठी कधीच वापरू नका. बुरशीवर बसलेले बारीक तुषार मुंग्यांना काढता येत नाहीत. एक कोपरा ओला आणि समोरचा कोरडा राहिला की बुरशी कुठे वाढवायची हे मुंग्या स्वतः ठरवतात, आणि त्यांची निवड आपल्या अंदाजापेक्षा अचूक असते.

डबा

4 सेंटीमीटरच्या बुरशीला 2 लिटर जागा फार झाली. एवढ्या पोकळीत आर्द्रता एकसारखी राहत नाही, मुंग्या पाने आणि कचरा आतच टाकू लागतात आणि बुरशीवर पाळत ठेवायला मुंग्या कमी पडतात. 8×8×8 सेंटीमीटरचा, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरचा डबा घ्या. तळाला दीड सेंटीमीटर प्लास्टर ओता. ते पूर्ण वाळू द्या, मग पाणी पाजून जादाचे ओतून टाका. प्लास्टरऐवजी कुंड्यांत वापरतात त्या भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा 2 सेंटीमीटरचा थरही चालतो; मला तो जास्त आवडतो, कारण पाणी खाली राहते आणि बुरशी वर कोरड्या आधारावर बसते. पाण्याची पातळी गोळ्यांच्या निम्म्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका. गोळ्यांत थोडे स्प्रिंगटेल (मातीतले बारीक, उड्या मारणारे जीव) सोडले तर ते कोवळी परकी बुरशी खात राहतात.

हवा खेळती हवी. बुरशी आणि मुंग्या दोन्ही श्वसन करतात, त्यामुळे पूर्ण बंद डब्यात कार्बन डायऑक्साइड साचतो. एवढ्या लहान वसाहतीला बाहेरच्या ट्रेकडे जाणारी 12 मिलिमीटर व्यासाची नळी आणि झाकणात नाण्याएवढे जाळीचे एक छिद्र पुरते. गरज पडेल तसे ते टेपने अर्धे झाकता येते. जाळी स्टेनलेस स्टीलची आणि 0.4 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची घ्या. डासांची नेहमीची जाळी उपयोगाची नाही: सर्वांत बारीक कामकऱ्यांचे डोके मिलिमीटरपेक्षा अरुंद असते, त्या सहज निघून जातात. नायलॉनची जाळी, स्पंज, सिलिकॉनची मऊ कडा हे सगळे त्या पुढेमागे कुरतडतात.

नळी आखूड ठेवा, 15 ते 30 सेंटीमीटर. लांब नळीत पाने वाळतात आणि पहिल्या पिढीच्या मुंग्या अर्ध्या वाटेत ती टाकून देतात. बाहेरचा ट्रे कोरडा हवा. त्याच्या उभ्या कडांना आतून वरचे 4-5 सेंटीमीटर फ्लुऑनचा (मुंग्या घसराव्यात म्हणून लावायच्या निसरड्या द्रवाचा) थर, किंवा टॅल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांची पातळ पेस्ट लावा. पेस्ट लावल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय ट्रे जोडू नका. दमट हवेत दोन्ही थर निकामी होतात, म्हणून दर महिन्याला बोट फिरवून तपासा.

आता स्थलांतर. नवा डबा ओलसर, 25 अंशांचा आणि काळ्या कागदाने झाकलेला ठेवा. 5-10 सेंटीमीटरच्या नळीने तो जुन्या डब्याला जोडा. जुन्यात पाणी घालणे बंद, झाकणाची जाळी पूर्ण उघडी, आणि वर साधा उजेड (ऊन नव्हे). जुना डबा हळूहळू कोरडा पडू लागला की मुंग्या बुरशीचे तुकडे करून नेऊ लागतात. साधारण एक ते तीन दिवस लागतात. यातला मोठा फायदा हा की खराब भाग त्या सहसा मागेच टाकतात, म्हणजे निवड त्यांच्याकडूनच होते. राणीही आपण होऊन जाते. तिला चिमट्याने कधीही उचलू नका. चौथ्या दिवशीही हालचाल नसेल आणि बुरशी कडेने वाळत असेल, तरच चमचा वापरा: बुरशीचा चांगला भाग राणीसकट खालून अलगद उचला आणि उलटा न करता तसाच नव्या डब्यात ठेवा.

पुढचा डबा जोडायची घाई नको. बुरशी निम्मा डबा भरेपर्यंत थांबा. दोन भिंतींना टेकली की दुसरा जोडा. अट्टाच्या वसाहती पहिल्या वर्षी हळू वाढतात, पुढे मात्र वेग फार वाढतो. पूर्ण वाढलेल्या वसाहतीत लाखो मुंग्या असतात आणि राणी दहा वर्षांहून जास्त जगू शकते. एवढी जागा पुढे देता येणार नसेल तर अ‍ॅक्रोमायरमेक्स जास्त आवाक्यातली आहे.

पाने: किती, कोणती, कोणती अजिबात नाही

पहिल्या पिढ्यांच्या कामकऱ्यांची डोकी साधारण 0.8 ते 1.6 मिलिमीटर रुंद असतात. मोठे कापणारे कामकरी आणि सैनिक पुढे, वसाहत वाढल्यावर येतात. म्हणून जून, जाड, मेणचट पाने आत्ता देऊन उपयोग नाही. कोवळी पाने आणि पाकळ्या द्या: गुलाब, जास्वंद, ब्लॅकबेरी, प्रिव्हेट (कुंपणाला लावतात ते झुडूप). गुलाबाच्या पाकळ्या बहुतेक सगळ्या वसाहती घेतात, आजारी असल्या तरी. सफरचंदाची कागदासारखी पातळ चकती आणि ओट्सचे चुरलेले तुकडेही चालतात. ओट्स थोडेच, चार-पाच कण. ते आत नेऊन साठवले गेले तर ओलाव्याने पटकन कुजतात.

70-80 मुंग्यांना दिवसाला गुलाबाच्या दोन-तीन पर्णिका किंवा एक मोठी पाकळी पुरते. मोजमाप सोपे आहे: 24 तासांत जे संपते तेवढेच दुसऱ्या दिवशी द्यायचे. सलग तीन दिवस सगळे संपले तर एक पर्णिका वाढवा. उरले तर कमी करा. उरलेले पान दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. तुमच्या डब्यात साचलेला ढीग सांगतो की बुरशीला पेलवेल त्यापेक्षा जास्त पाने आत आली, आणि कुजणारी पाने आतला ओलावा आणखी वाढवतात. पाने डब्यात ठेवायची नाहीत, नेहमी बाहेरच्या ट्रेमध्ये. धुतल्यावर पाणी पूर्ण झटका आणि कोरड्या कापडाने टिपा. फ्रिजमधली पाने खोलीच्या तापमानाला आल्यावरच द्या.

पानांवरच्या विषाबद्दल फार काटेकोर राहा, कारण सगळे ठीक चाललेल्या वसाहती इथेच जातात. दुकानातली फुले, सोसायटीच्या किंवा सार्वजनिक बागेतली फवारलेली झुडपे आणि रस्त्याकडेची पाने नकोत. नर्सरीतून आणलेल्या रोपाची पाने पहिले वर्षभर तरी देऊ नका: निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशके मुळांतून शोषली जाऊन पानात उतरतात आणि महिनोन्‌महिने टिकतात, कितीही धुतले तरी जात नाहीत. संत्र्या-मोसंबीच्या सालीचा पांढरा भाग मुंग्यांना फार आवडतो, पण विकायच्या फळांवर इमॅझॅलिल किंवा थायाबेंडॅझोलसारखी बुरशीनाशके लावलेली असू शकतात. मुंग्यांना काही होत नाही, बुरशी मात्र मरते. झाडावरून स्वतः तोडलेले, न फवारलेले फळ असेल तरच साल द्या. कडुनिंबाचे तेल फवारलेली पाने आणि चिकाची पाने टाळा. तिळाची पानेही नकोत. ती या मुंग्यांच्या बुरशीला मारक आहेत.

एकाच झाडावर अवलंबून राहू नका, दोन-तीन जाती आलटूनपालटून द्या. नवे पान आधी नखाएवढ्या तुकड्याने सुरू करा आणि तीन दिवस थांबा. यामागे कारण आहे. पान बुरशीला अपायकारक निघाले तर मुंग्यांना ते लगेच कळत नाही; आधी त्या उत्साहाने कापून आत नेतात. बुरशी बिघडू लागल्यावर, साधारण अर्ध्या-एक दिवसाने, तेच तुकडे कचऱ्यात येऊ लागतात. त्यानंतर बाहेर पडणाऱ्या मुंग्या त्या झाडाला कित्येक आठवडे तोंड लावत नाहीत. कालपर्यंत आवडलेले पान आज कुणी घेत नसेल तर तो त्यांचा लहरीपणा समजू नका. ते पान बंद करा आणि दुसरे द्या. एकच पर्याय ठेवून उपाशी ठेवले तर नाइलाजाने त्या तेच पुन्हा उचलतात, आणि बुरशी आणखी खचते.

कचरा, माइट्स, परक्या बुरशी

कचरा म्हणजे तपकिरी-नारिंगी कोरडे कण, मेलेल्या मुंग्या, पानांच्या शिरा. त्याची जागा बुरशीपासून दूर आणि कोरडी हवी. आतच कचरा पडत असेल तर बाहेरचा ट्रे जास्त दमट आहे का, किंवा नळी फार लांब आहे का, ते बघा. अट्टा सेफालोटीसला कचऱ्यासाठी अंधारी बंद जागा पसंत असते, त्यामुळे ट्रेला एक छोटा, तळ कोरडा असलेला, काळ्या कागदाने झाकलेला डबा जोडून द्या. आठवड्यातून एकदा कचरा काढा आणि चिमूटभर तिथेच ठेवा, म्हणजे जागा बदलत नाही. कचऱ्याचा चिमटा वेगळा. तो कधीही बुरशीच्या डब्यात जाऊ नये. परजीवी बुरशीचे बीजाणू सर्वांत जास्त तिथेच असतात.

कचऱ्यात पांढरट, हळू चालणारे माइट्स (कोळ्यांच्या जवळचे अतिशय बारीक जीव) दिसले तर ते बहुधा कुजके खाणारे असतात. कचरा रोज काढला आणि ट्रे कोरडा ठेवला की घटतात. मुंग्यांच्या अंगाला चिकटलेले माइट्स वाढू लागले तर मात्र लक्ष द्या. माइट्सवर कसलेही औषध वापरू नका. माइट्स मारणारी औषधे मुंग्यांनाही सोडत नाहीत. बारीक माश्या घोंघावू लागल्या तर त्याचाही अर्थ ओला कचरा हाच.

पाने किंवा कचऱ्यावर लांब पांढरे केस उगवले तर ती साधी बुरशी; तो तुकडा उचलून टाका. बुरशीच्या गोळ्यावर हिरवी भुकटी दिसली तर बहुधा ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियम. एस्कोव्हॉप्सिस हा मुंग्यांच्या या बुरशीचा खास परजीवी. तो आधी विरळ पांढऱ्या जाळ्यासारखा दिसतो, नंतर फिकट तपकिरी भुकटी धरतो आणि काही दिवसांत सगळा गोळा व्यापू शकतो. ठिपका लहान असेल आणि मुंग्या तिथे काम करत असतील तर त्यांच्यावर सोडा. बीजाणू चाटून, बाधित भाग कापून त्या स्वतः फेकतात. ठिपका एका दिवसात वाढला आणि मुंग्या दूर राहिल्या, तर तो भाग भोवतालच्या अर्ध्या सेंटीमीटरसह पातळ चमच्याने काढा आणि वसाहत नव्या डब्यात सरकवायला घ्या. बुरशीनाशक वापरायचा विचारही नको. परकी बुरशी आणि मुंग्यांची बुरशी यांत ते फरक करत नाही.

घरातल्या हवेकडेही बघा. डास पळवणारी लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, ओला रंग, एअर फ्रेशनर यांतले काहीही त्या खोलीत नको. पाळीव प्राण्याला पिसवांचे औषध लावले असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय नळी किंवा पाने हाताळू नका. एका दिवसात आठ-दहा मुंग्या पाय आखडून मेलेल्या दिसल्या तर बुरशीला दोष देण्याआधी हे तपासा. 70-80 मुंग्यांच्या वसाहतीत रोज एखाद-दुसरी मरणे चिंतेचे नाही.

पुढचे दोन आठवडे

हीट मॅट हलवली, डबा बदलला, पाने कमी केली की पहिले चार-पाच दिवस बुरशी लहान होत जाईल. खराब भाग मुंग्या फेकत असतात, त्यामुळे हे होणारच. त्या काळात झाकण उघडू नका. दिवसातून दोनदा भिंतीतून बघा आणि रोज त्याच कोनातून, बाजूला पट्टी ठेवून एक फोटो काढा. बुरशी वाढते की घटते हे डोळ्यांपेक्षा फोटोतून लवकर कळते. साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी वरच्या कडेला गडद हिरवा नवा थर आणि त्यावर पांढरे पुंजके दिसले पाहिजेत. दिसले की रोजची एक पर्णिका वाढवायला हरकत नाही.

10 दिवसांनंतरही गोळा घटतच असेल, दोन सेंटीमीटरच्या खाली गेला असेल, किंवा मुंग्या बुरशी उचलून बाहेरच्या ट्रेमध्ये आणून ठेवत असतील, तर बुरशीचे कलम हा शेवटचा उपाय. त्याच जातीच्या निरोगी वसाहतीतून, पांढऱ्या मधल्या भागातून, 3 सेंटीमीटरचा तुकडा घ्या. त्यावरच्या सगळ्या कामकरी मुंग्या मऊ कुंचल्याने काढून टाका. एकही परकी मुंगी गेली तर मारामारी होते. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: स्वतःची बुरशी अजून जिवंत असताना परक्या वाणाची बुरशी वसाहती सहसा नाकारतात, कारण त्यांच्या विष्ठेत जुन्या वाणाची रसायने असतात आणि ती नव्या वाणाला मारक ठरतात. जुनी बुरशी पूर्ण संपल्यावर दिलेले कलम स्वीकारले जाण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून घाई नको, पण उशीरही नको: जुना गोळा संपल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी कलम द्या. ते राणीपासून 2-3 सेंटीमीटरवर, ओलसर बाजूला ठेवा. मुंग्यांनी त्यावर चढून चाटायला सुरुवात केली की पहिल्या दिवशी पाने देऊ नका; दुसऱ्या दिवशी एक गुलाबाची पाकळी, एवढेच. तुकडे कुरतडून कचऱ्यात जाऊ लागले तर उरलेले काढून घ्या आणि दोन दिवसांनी दुसऱ्या वसाहतीतले कलम द्या.

हे करताना वसाहत आणि कलम दोन्ही कायदेशीर स्रोतातून आलेले असू द्या. या मुंग्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या, दक्षिण संयुक्त संस्थानांपासून अर्जेंटिनापर्यंतच्या, आणि तिथे त्या शेतीच्या मोठ्या कीड आहेत. म्हणून अनेक देशांत त्यांच्या आयातीला आणि वाहतुकीला परवाना लागतो किंवा पूर्ण बंदी असते. वसाहत सांभाळणे शक्य नसेल तर ती मोकळी सोडू नका, परवाना असलेल्या प्राणिसंग्रहालयाला किंवा संस्थेला विचारा. फेकायची वेळ आलीच तर मुंग्या, बुरशी आणि कचरा बंद डब्यात घालून 48 तास फ्रीझरमध्ये ठेवल्यावरच टाका.